मांडीची कातडी, तळव्याची कातडी: एका लहान हाताच्या दोन शस्त्रक्रिया

पार्श्वभूमी

मुक्ता पहिल्यांदा माझ्या ओपीडीत आली तेव्हा दीड वर्षाची होती. नाव अर्थातच बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. तिचे आईवडील मराठवाड्यातले ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर कारखान्याच्या भागात जायचं आणि एप्रिलमध्ये परतायचं, असं त्यांचं वर्ष. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे मधेच काम सोडून येता येत नाही. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात सर्जरीइतकाच या वेळापत्रकाचाही हात आहे आणि ते मला उशिरा कळलं.

भाजलं ते जानेवारीत. मुक्ता तेरा महिन्यांची होती, नुकतीच पाऊल टाकायला लागली होती. कोपीसमोर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीसमोर, तीन दगडांची चूल. संध्याकाळच्या भाकरी झाल्यावर आईने तवा उतरवून बाजूला ठेवला आणि भाकरी फडक्यात गुंडाळायला वळली. तेवढ्यात पोरीने तोल सावरायला उजवा हात तव्यावर टेकला. मोठा माणूस चटका बसताच हात मागे घेतो. एवढ्या लहान मुलाची ती प्रतिक्रिया सावकाश असते, आणि तोल जात असेल तर मूल हात उचलण्याऐवजी त्याच हातावर भार देतं. संपूर्ण तळहात आणि बोटांची आतली बाजू भाजली. हाताच्या मागच्या बाजूला ओरखडाही नव्हता.

शेजारच्या कोपीतल्या बायकांनी टूथपेस्ट लावली. पाणी घातलं तर फोड येतो, अशी समजूत आहे, म्हणून पाणी घातलं नाही. खरं तर अशा वेळी एकच गोष्ट करायची असते: वीस मिनिटं साध्या गार पाण्याच्या धारेखाली हात धरायचा. भाजून तीन तास होईपर्यंत त्याचा उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी मलम लावून बँडेज बांधलं. पाचही बोटं एकत्र, मुठीसारखी, कापसाचा बोळा करावा तशी. जखम सहा आठवड्यांत भरली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

नेमकी अडचण

जखम भरली ती आकसून. तळहातावर खोल भाजलं की शरीर दोन मार्गांनी जागा बुजवतं. कडेने नवी कातडी सरकते, आणि खालचं मांस कडांना एकमेकींकडे ओढून घेतं. मुठीत बांधलेल्या हातात ओढण्याचं काम सोपं होतं, कारण कडा आधीच जवळ आणून ठेवलेल्या असतात. मुक्ता जूनमध्ये माझ्याकडे आली तेव्हा मधलं बोट आणि अनामिका तळहाताला जवळजवळ चिकटली होती. तर्जनी अर्धी वाकलेली, करंगळी थोडी. अंगठा सुदैवाने सुटा होता. एक्स-रेमध्ये सांधे नीट दिसले. म्हणजे कमतरता फक्त कातडीची होती.

आई म्हणाली, "मॅडम, ती सगळं डाव्या हातानं करते. उजवा हात पोटाशी धरून ठेवते." माझ्या दृष्टीने घाईचं खरं कारण हे होतं. या वयात हाडं झपाट्याने वाढतात, वण वाढत नाही. आणि जो हात वापरला जात नाही, त्याच्याशिवाय चालवून घ्यायला मूल शिकून जातं.

तीन महिने आम्ही स्प्लिंट (बोटं सरळ धरून ठेवणारा, बांधायचा आधार) आणि मालिश केली. तर्जनी पुष्कळ सरळ झाली, करंगळीही. मधली दोन बोटं हलली नाहीत. शस्त्रक्रिया लागणार हे नक्की झालं.

पहिला निर्णय: मांडी

सप्टेंबरमध्ये, मुक्ता एकवीस महिन्यांची असताना, मी आखडलेला वण कापून बोटं मोकळी केली. मोकळी केल्यावर तळहातावर आणि बोटांवर उघडी जागा पडते, तिथे कातडी आणून लावावी लागते. ती कुठून आणायची, हा खरा प्रश्न. तो प्रश्न त्या दिवशी मी पुरेसा विचारलाच नाही. मांडीवरून पातळ ग्राफ्ट घेतला.

कारणं होती, आणि ती तेव्हा पटणारी होती. मांडीवर जागा भरपूर असते. पातळ ग्राफ्ट म्हणजे वरचा थर आणि त्याखालच्या थराचा थोडासा भाग, मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश. तो पटकन जीव धरतो. मांडीची जखम आपोआप भरते, कारण केसांच्या मुळांशी आणि घामाच्या नळ्यांशी उरलेल्या पेशी वर येऊन जागा झाकतात. आमच्या टीमच्या हाताला ती पद्धत बसलेली होती, भूल कमी वेळ द्यावी लागणार होती. पायाच्या तळव्यावरून कातडी घेण्याचा विचार माझ्या मनात आला होता. एवढ्याशा पावलावरून कितीशी मिळणार, म्हणून मी तो सोडून दिला.

सातव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर ग्राफ्ट पूर्ण लागला होता. गुलाबी, सपाट, एकही कोपरा गेलेला नाही. बोटं सरळ. मी खूश झाले. फोटो काढून ठेवले.

स्प्लिंट सहा महिने, रात्री न चुकता, असं सांगितलं. पाच आठवड्यांनी टोळी निघाली. कोपीत स्प्लिंटचा पट्टा तुटला, तो बदलून द्यायला तिथे कोणी नव्हतं, आणि पहाटे चारला फडात जाणाऱ्या आईकडे मालिशला वेळ कुठून येणार. पुढच्या जूनमध्ये मुक्ता परत आली. अडीच वर्षांची. मधलं बोट पुन्हा वाकलेलं, अनामिका त्याच्या मागोमाग. आणि तळहातावर एक गडद, जवळजवळ काळा चौकोन. त्याच्या कडेला फोड येऊन गेल्याच्या खुणा.

आईने पहिल्यांदा बोटांबद्दल विचारलंच नाही. "हात काळा का पडला, मॅडम? मांडीचं कातडं हातावर आलं की हाताचं होत नाही का?"

हा प्रश्न मला आजही एखाद्या परीक्षकाने विचारावा तसा आठवतो. उत्तर आहे: नाही, होत नाही.

कातडी एकसारखी नसते

आपण बोलताना कातडी म्हणजे अंगभर पसरलेलं एकच वस्त्र समजतो. प्रत्यक्षात ते ठिगळांचं असतं, आणि प्रत्येक ठिगळ तिथल्या कामासाठी विणलेलं असतं. पापणीवर बाह्यत्वचेची, म्हणजे वरच्या थराची, जाडी साधारण ०.०५ मिलिमीटर, तर तळहात-तळपायावर मोठ्या माणसात १.५ मिलिमीटरपर्यंत. तीसपट फरक. पाठीची गोष्ट उलटी: तिथे वरचा थर पातळ, पण खालची अंतस्त्वचा शरीरात सर्वात जाड. म्हणून "जाड कातडी" म्हणताना कोणता थर जाड, हे विचारावं लागतं.

तळहाताची कातडी या सगळ्यात निराळी आहे. तिच्यावर केस नाहीत, म्हणून केसाच्या मुळाशी असणाऱ्या तैलग्रंथीही नाहीत. घामग्रंथी मात्र दर चौरस सेंटीमीटरला शेकडो. इतर ठिकाणी बाह्यत्वचेचे चार थर मोजता येतात. इथे आणि तळपायावर पाचवा, काचेसारखा पारदर्शक थर मधे असतो. पृष्ठभागावर बारीक वरंबे असतात, ज्यांचे आपण ठसे घेतो. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते आखले जातात आणि जन्मभर टिकतात. वरंब्यांच्या माथ्यावर घामाची छिद्रं उघडतात. किंचित ओलसर वरंबे, म्हणून पेला हातातून सटकत नाही. वरंब्यांखाली स्पर्श ओळखणारी टोकं दाटीने बसलेली असतात.

आणखी एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते पण ऑपरेशन टेबलावर फार महत्त्वाची ठरते. तळहाताची कातडी खालच्या चिवट पडद्याला उभ्या तंतूंनी शिवलेली असते. ती सरकत नाही. आपल्याच हाताची मागची बाजू चिमटीत धरून पाहा, मग तळहात धरून पाहा. मागची कातडी तंबूसारखी उचलली जाते, तळहाताची जागची हलत नाही. हातोडा, विळा, बादलीची कडी, कशावरही जोर लावला तर तळहाताची कातडी हाडाबरोबर राहते. हाताला आतून कुठेही मार बसला तरी सूज मागच्या बाजूला दिसते ती याचमुळे: पुढे फुगायला जागाच नसते.

मांडीचा पातळ ग्राफ्ट यातलं काहीच बरोबर आणत नाही. वरंबे नाहीत. घामग्रंथी खोल असतात, त्या मांडीतच राहतात, म्हणून नवी कातडी कोरडी पडते. अंतस्त्वचेचा अंश कमी असल्याने ती पुढे महिनोन्महिने आकसत राहते. बादलीची कडी धरली की घासून फोड येतो. आणि रंग. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत तळहात फिकट असतो, मांडी नसते. मांडीच्या पेशी तळहातावर आल्या तरी रंगद्रव्य तयार करत राहतात, बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त.

असं का होतं, याचा चांगला धागा जपानी संशोधक युजी यामागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती दिला. केराटिन ९ हे प्रथिन फक्त तळहात-तळपायाच्या बाह्यत्वचेत बनतं. त्यांनी १९९९ साली दाखवलं की दुसऱ्या जागच्या बाह्यत्वचेच्या पेशी तळव्याच्या अंतस्त्वचेतल्या पेशींबरोबर वाढवल्या तर त्याही केराटिन ९ बनवू लागतात. म्हणजे वरच्या थराला हुकूम खालून येतो. २००४ साली त्याच गटाने रंगाबद्दलही असंच दाखवलं: तळव्याच्या अंतस्त्वचेतल्या पेशी डीकेके१ नावाचा पदार्थ सोडतात आणि तो रंगपेशींना दाबून ठेवतो. तळहात फिकट असतो तो उन्हापासून झाकलेला म्हणून नव्हे.

याचा माझ्यापुरता अर्थ एवढा: ग्राफ्टबरोबर अंतस्त्वचा किती आणि कुठली आणली, यावर पुढच्या पन्नास वर्षांत तो हात कसा दिसेल आणि कसा वागेल ते ठरतं.

दुसऱ्या वेळचे पर्याय

या वेळी मी चार पर्याय कागदावर लिहून काढले आणि प्रत्येकाबद्दल आईवडिलांशी बोलले. पहिल्या वेळी हे बोलणं पाच मिनिटांत उरकलं होतं.

पुन्हा मांडीचा ग्राफ्ट, पण जाड. आकसणं थोडं कमी होईल, बाकी सगळं तसंच.

जांघेतून पूर्ण जाडीचा ग्राफ्ट. अनेक अनुभवी सर्जन लहान मुलांच्या हातासाठी हाच घेतात, आणि बोटं सरळ राहण्याच्या बाबतीत त्याचे निकाल चांगले आहेत. सगळी अंतस्त्वचा बरोबर येते, म्हणून तो कमी आकसतो. जांघेची जखम टाके घालून बंद होते आणि वण कपड्याखाली झाकतो. अडचण अशी की रंग आणखी गडद होतो, आणि जागा थोडी आतल्या बाजूला घेतली गेली तर वयात आल्यावर तळहातावर केस उगवतात. कातडी तिच्या मूळ जागेचं वेळापत्रक पाळते. मी असा एक तरुण पाहिला आहे. तो लोकांसमोर हात उघडत नसे.

जांघेचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट कातडी, हात तीन आठवडे जांघेला जोडून. तीन वर्षांच्या मुलीला तीन आठवडे तसं बांधून ठेवायचं, आणि मिळणार काय तर जाड, सैल, सरकणारी गादी. हा पर्याय मी लगेच खोडला. कंडरा किंवा हाडं उघडी पडली असती तर मात्र तो घ्यावाच लागला असता.

चौथा, पायाच्या कमानीची कातडी. तळपायाच्या आतल्या बाजूला, टाच आणि चवडा यांच्या मधे, एक पट्टा असा असतो की उभं राहिल्यावर त्यावर भार येत नाही. पण कातडी त्याच जातीची: केस नाहीत, वरंबे आहेत, घाम येतो, फिकट रंग, पाच थर. तळहाताला शरीरात दुसरा जोड कुठे असेल तर तो इथेच. जागा थोडी मिळते ही खरी मर्यादा. शिवाय पूर्ण जाडीची कातडी उचलली तर कमानीची जखम आपोआप भरणार नाही, तिच्यावर मांडीचा पातळ ग्राफ्ट घालावा लागणार.

सारख्या जागी सारखं द्या, हे आमच्या शाखेतलं जुनं सूत्र आहे आणि त्याची एक गाजलेली नोंद आपल्याच भागातली आहे. टिपूबरोबरच्या युद्धात नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवानाला पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आणलं. दंडाची किंवा मांडीची कातडी न घेता कपाळाची घेतली, यातच त्या कारागिराची समज दिसते. चेहऱ्याच्या कातडीचा रंग, पोत आणि जाडी चेहऱ्यावरच मिळते. मी हे विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत होते आणि सप्टेंबरमध्ये मुक्ताच्या मांडीवर सुरी ठेवली होती.

आजींचा प्रश्न

चौथा पर्याय मला पटला होता, आईला पटला होता. आजींना नाही. "हात नीट करायचा म्हणून पाय बी कापायचा व्हय? उद्या लेकरानं चालायचं कसं? आमच्यात पायावरच पोट हाय."

त्यांची भीती खरी होती. घरात सगळे अनवाणी वावरणारे, मुलगी पुढे शेतात चालणार. मी त्यांना म्हटलं, "आजी, तुमचा पाय ओला करून फरशीवर ठेवा." त्यांनी ठेवला. टाच उमटली, चवडा उमटला, बाहेरची कड उमटली. आतल्या बाजूला मधे कोरडी जागा राहिली. "जी जागा उमटली नाही, तिथलीच कातडी घेणार." त्या बराच वेळ फरशीकडे पाहत होत्या. मग मुक्ताचं पाऊल ओलं करून ठेवायला सांगितलं. तिथे आम्हाला दोघींना थोडी अडचण झाली, कारण लहान मुलांची कमान भरलेली असते आणि ठसा जवळजवळ सपाट उमटतो. मी ते लपवलं नाही. कमान वयाबरोबर वर येईल, आणि त्यासाठीच अजून थोडं थांबू, असं सांगितलं.

थांबण्याचं आणखी एक कारण होतं. पहिल्या ग्राफ्टचा वण अजून लाल आणि टणक होता. तो निवायला साधारण वर्ष लागतं. आणि तिसरं कारण सर्वात व्यावहारिक: शस्त्रक्रिया मे महिन्यात केली तर पुढचे पाच महिने घर गावात असतं. मधल्या हंगामात मुक्ताला आजीजवळ ठेवायचं ठरलं. स्प्लिंट बांधणं आजी शिकल्या. रोज संध्याकाळी खोबरेल तेलाने मालिश करायच्या, आणि एकही रात्र चुकली नाही, असं त्या आजही ठणकावून सांगतात.

शस्त्रक्रिया

मुक्ता तीन वर्षं पाच महिन्यांची असताना मे महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया झाली. जुना काळा ग्राफ्ट सगळा काढला नाही. जिथे ओढ होती तिथेच छेद घेतला. मधल्या आणि अनामिका बोटांच्या मुळाशी एक जागा मोकळी झाली, साधारण अडीच बाय दोन सेंटीमीटर, आणि मधल्या बोटावर एक, त्याहून लहान. कागदाचा साचा कापून डाव्या पायाच्या कमानीवर ठेवला. दोन्ही तुकडे एका पट्ट्यात बसले.

तळव्याची कातडी उचलताना हाताला फरक लगेच कळतो. मांडीची कातडी सुरीखालून अलगद सुटते. इथे ते उभे तंतू एकेक करून कापावे लागतात. खालची चरबी बारीक कात्रीने काढताना ग्राफ्ट बोटावर उलटा ताणून धरला की दाणेदार, चकचकीत दिसतो. वीस मिनिटांचं ते काम घाईने केलं तर ग्राफ्ट जगत नाही. मांडीच्या ग्राफ्टला जे लागतं त्यापेक्षा या जाड तुकड्यात रक्त पोचायला एक-दोन दिवस जास्त लागतात, म्हणून वर कापसाची गादी टाक्यांनी आवळून बांधली. बोटं सरळ राहावीत म्हणून तीन आठवडे बारीक तारा घातल्या, आणि प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत, कारण कोपराखालचं प्लास्टर मुलं मोज्यासारखं काढून टाकतात.

मांडीचा पातळ ग्राफ्ट कमानीवर लावला. तिथे त्याला ना काही धरायचं आहे, ना भार सोसायचा आहे.

सातव्या दिवशी उघडलं तेव्हा पाहिलेलं दृश्य पहिल्या वेळेइतकं सुखद नव्हतं. ग्राफ्ट निळसर-काळपट होता आणि वडील घाबरले. जाड ग्राफ्टचा वरचा थर सुरुवातीला असा दिसतो आणि सालपटासारखा निघतो, हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. बाराव्या दिवशी ते साल निघालं, खाली फिकट गुलाबी कातडी होती. बोटाच्या बाजूचा एक कोपरा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, गेला. तो आपोआप भरला.

परिणाम

आज दुसऱ्या शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली. मधलं बोट पूर्ण सरळ होतं. अनामिकेच्या मधल्या सांध्यात दहा-पंधरा अंशांची कसर राहिली आहे. कमानीची कातडी तळहाताच्या रंगात इतकी मिसळली आहे की कडेची रेघ शोधावी लागते. शेजारी जुन्या मांडीच्या ग्राफ्टचा उरलेला काळा तुकडा आहे. एकाच तळहातावर दोन्ही शेजारी शेजारी असल्याने मी विद्यार्थ्यांना वेगळं काही सांगायची गरज उरत नाही.

मागच्या वेळी भिंगाखाली हात पाहिला. नव्या तुकड्यावर वरंबे स्पष्ट दिसतात, पण तळहाताच्या वरंब्यांना आडवे. पायावर ते ज्या दिशेला होते त्याच दिशेला राहिले. एका जागी तळहाताची रेघ येऊन थांबते आणि तिथून पायाची रेघ काटकोनात सुरू होते. आणि त्या आडव्या वरंब्यांच्या माथ्यावर घामाचे बारीक थेंब होते. मुक्ता डॉक्टरला घाबरली होती, म्हणून. ग्रंथी पायाकडून आल्या तरी त्यांना जोडल्या गेलेल्या नसा हाताच्या असतात, आणि घाम कधी सोडायचा ते त्या नसा ठरवतात. काळ्या तुकड्यावर एकही थेंब नव्हता.

ती रंगखडू उजव्या हाताने धरते. चमचा मात्र अजून डाव्याने. ते कदाचित तसंच राहील.

पायाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कमानीवरचा मांडीचा तुकडा गडद आहे, आणि त्याची टाचेकडची कड जाड झाली आहे, घट्ट्यासारखी. अनवाणी धावली की दुखते. मऊ तळाची चप्पल आणि रात्री सिलिकॉनची पट्टी यांनी कमी झालं, गेलं नाही. माझा छेद टाचेच्या बाजूला काही मिलिमीटर जास्त गेला होता, जिथे भार सुरू होतो. आजींनी ते माझ्या आधी ओळखलं. "तुमी म्हणला होता, उमटत नाही तिथलंच घेणार." त्यांचं बरोबर होतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

सर्वात मोठी चूक शस्त्रक्रियेच्याही आधीची. भाजलेला तळहात उघडा बांधायला हवा होता, प्रत्येक बोट वेगळं, मधे गॉजची घडी, हात ताटासारखा सपाट. हाताची मागची बाजू भाजली तर बांधण्याची पद्धत वेगळी असते, कारण तिथली कातडी वेगळी आणि तिची ओढ उलट दिशेची. तळहातावर लहान मुलांत पहिले दोन-तीन आठवडे थांबून पाहणं योग्यच असतं. वरचा थर जाड असल्याने भाजणं खरं किती खोल आहे ते लवकर कळत नाही, आणि पुष्कळ जखमा आपोआप चांगल्या भरतात. पण थांबायचं ते हात उघडा ठेवून. तीन आठवड्यांत भरण्याची चिन्हं नसतील तर मुलाला पुढे पाठवायचं. त्या गावातल्या डॉक्टरांना मी नंतर फोन करून हेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ताटासारखं बांधलेल्या हाताचा फोटो मागवला. तो आता त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये लावलेला आहे.

दुसरं, पहिल्या वेळी पावलावर मिळणारी जागा मी मोजलीच नाही. अंदाजाने "पुरणार नाही" म्हटलं. एकवीस महिन्यांच्या पावलावर सगळी गरज भागली नसती हे खरं. पण मधल्या बोटापुरता तुकडा कमानीवरून आणि बाकीचा जांघेच्या बाहेरच्या कडेवरून, असं वाटून घेता आलं असतं. सगळ्या उघड्या जागा अंगावरच्या एकाच ठिकाणच्या कातडीने भरायच्या, ही फक्त सवय आहे.

सप्टेंबरची तारीख मीच दिली होती. ऑपरेशन लिस्टमध्ये ती जागा रिकामी होती, एवढंच कारण. टोळी कधी निघते हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही, कारण डॉक्टरने दिलेली तारीख बदलून मागायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता आमच्या केसपेपरवर एक ओळ वाढवली आहे: पुढचे सहा महिने कुटुंब कुठे असणार.

जाड ग्राफ्ट जांघेचा घ्यावा की कमानीचा, यावर माझ्या सहकाऱ्यांशी माझं अजूनही पूर्ण जुळत नाही. एक वरिष्ठ म्हणतात की एका लहान मुलीच्या पायावर कायमची जखम करण्याइतका रंगाचा फरक मोठा नाही, बोट दोन्हीने सरळ होतं. बोटापुरतं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. धरण्यापुरतं नाही. ज्या हातांना पुढे कोयता किंवा पेन, काहीतरी रोज घट्ट धरावं लागणार आहे, त्यांना घाम येणारी, वरंबे असलेली, न सरकणारी कातडी मिळणं शक्य असेल तर ती द्यावी, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं. मात्र पायाचा छेद टाचेपासून आणखी दूर.

मुक्ताचा हात अजून दहा वर्षं वाढणार आहे. अनामिकेला उंची वाढताना पुन्हा एकदा मोकळं करावं लागण्याची शक्यता आहे, तेव्हा उजव्या पायाची कमान शिल्लक आहे. दरवर्षी जूनमध्ये ती तपासणीला येते. या वर्षी वडिलांनी टोळीला जायचं सोडून गावाजवळ काम धरलं आहे, पण तारीख आम्ही जूनचीच ठेवली.